प्रश्न सातवा

ओल्डहॅममध्ये, मेथडिस्ट चॅपलच्या वरच्या खोलीत
आम्ही सहाजण दर तिमाहीला बसतो
पैसे द्यायला.
हीटर एकाच बाजूने तापतो.
बिस्किटांची बशी अध्यक्षांपासून निघते,
माझ्यापर्यंत येते तेव्हा
फक्त आल्याची उरलेली असतात.
मला आल्याचीच आवडतात, हे खरं.
पण कुणी विचारलेलं नाही.

पैसा एका जुन्या गिरणीमालकाचा.
मी खामगावची. कापूस कुठून निघून कुठे जातो
हे एकदा इथे बोलले होते;
इतिवृत्तात आलं,
'मिसेस खानझोडे यांनी एक आठवण सांगितली.'

अर्ज क्रमांक एकोणतीस. लिनेट हॉवर्थ.
भाड्याच्या गॅरेजात मोडक्या बाबागाड्या
दुरुस्त करते, ज्याला लागेल त्याला देते.
मागणी सहाशे चाळीस पौंड:
चाकं, ब्रेकच्या तारा, एक बरासा पान्ह्यांचा संच.
निळ्या पेनाने लिहिलेलं,
खाडाखोडीवर पांढरा रंग.

प्रश्न सातवा: तुमच्या कामामुळे
तीन वर्षांनी काय बदललेलं असेल?
मोजता येईल असं लिहा.
तिने लिहिलं,
'मूल चालायला लागलेलं असेल.'

दहापैकी दोन.

तिसाव्या अर्जाला नऊ मिळाले.
त्यात 'सक्षमीकरण' अकरा वेळा.
मी मोजलं. हिशेबनीस होते, सवय जात नाही.

दान सत्पात्री हवं, म्हणायचे आमच्याकडे.
पात्र तपासण्यात आम्ही सहाही पटाईत:
टिचकी मारून बघतो,
उजेडात धरून बुडाचं भोक शोधतो.
ओतणारा हात कापतोय का,
निम्मं बाहेर सांडतंय का,
हे बघायची रीत नाही.

वडील देताना पळीभर उदक सोडायचे. न मम.
पाणी ताम्हनात पडलं की वस्तू आपली नाही,
तिच्यावर चढून बसायचं नाही.
आम्ही पाणीही सोडतो
आणि दोरीही धरून ठेवतो.

पण सोडून विसरणं मला पटत नाही.
चाळीस वर्षं पावत्या जुळवल्या मी.
कुणाचं काय कुठे गेलं, विचारायलाच हवं.
फक्त विचारणं दोन्हीकडून हवं.

म्हणून मार्चच्या बैठकीत
मी सहा कोरे फॉर्म वाटले.
म्हटलं, आज आपण भरू. आपल्याच ट्रस्टचा.
हसले सगळे.
मिस्टर एंट्विसलनी शाईचं पेन काढलं:
नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, झरझर.
प्रश्न तिसरा: निर्णय घेणाऱ्यांत
मदत लागणाऱ्यांपैकी किती?
ग्लेनिस म्हणाली, माझी भाची त्या बाजूला राहते.
प्रश्न पाचवा: तुमच्याबद्दल तक्रार कुठे करायची?
ग्लेनिसने चष्मा पुसला.
प्रश्न सातवा.

हीटर टकटकत होता.
शंभर वर्षांचा ट्रस्ट, तीन ओळींची जागा.
एंट्विसलनी काहीतरी लिहिलं,
खोडलं,
पांढरा रंग आहे का, विचारलं.
कुणाकडेच नव्हता.

इतिवृत्त: 'फॉर्मचा विषय पुढील बैठकीत.'

त्या संध्याकाळी मी लिनेटला फोन केला.
नियमात बसत नाही;
नकाराचं कारण आम्ही कळवत नाही.
सांगितलं: दहापैकी दोन, सातव्या प्रश्नाला.
मला वाटलं, चिडेल.
ती म्हणाली, चार वर्षांत चौदा अर्ज केलेत मी,
सगळीकडे 'खेद वाटतो'.
का, ते आजच कळलं.
मग म्हणाली, थांबा हं, हात तेलकट आहेत,
लिहून घेते.

फोन तिने कुठेतरी ठेवला असावा.
मला एक चाक फिरताना ऐकू येत होतं.
बराच वेळ फिरत राहिलं.